खोट्या बातमीशी झुंजलेल्या आयडा वेल्स

प्रस्थापितांची वर्तमानपत्रे आमच्या समाजाविषयी काय छापतात आणि काय दडपतात, हा प्रश्न आमच्या वाचकांना नवा नाही. एखाद्या गावात अत्याचार होतो. पहिले काही दिवस त्याची एक ओळही छापून येत नाही. मग येते ती आरोपींनी आणि पोलिसांनी सांगितलेली कहाणी. त्याचा जाब विचारायला लोक रस्त्यावर उतरले की मात्र पहिल्या पानावर जळत्या टायरचे छायाचित्र झळकते आणि संपादकांना एकाएकी शांततेची आठवण होते. ही रीत आपल्याच देशाची आहे असे कोणी समजू नये. अमेरिकेतल्या गोऱ्या वर्तमानपत्रांनी ती शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पूर्ण विकसित केली होती, आणि गुलामीत जन्मलेल्या एका शाळामास्तरणीने तिच्याशी चाळीस वर्षे सामना केला. त्यांचे नाव आयडा बी. वेल्स. बुकर टी. वॉशिंग्टन आणि मार्टिन ल्यूथर किंग ही नावे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहेत. या बाईंविषयी मात्र मराठीत फारच थोडे लिहिले गेले.

आयडा यांचा जन्म १६ जुलै १८६२ रोजी मिसिसिपी राज्यातल्या होली स्प्रिंग्ज या गावी झाला. आईवडील गुलाम, म्हणून मूलही गुलाम. लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा अमलात आला तेव्हा त्या सहा महिन्यांच्याही नव्हत्या. वडील जेम्स वेल्स हे सुतार. गुलामगिरी संपल्यावरही ते जुन्या मालकाच्याच कारखान्यात मजुरीवर काम करीत होते. निवडणूक आली तेव्हा डेमोक्रॅटिक पक्षाला मत द्यावे असे मालकाने सांगितले. त्या काळी दक्षिणेत डेमोक्रॅटिक पक्ष म्हणजे जुन्या गुलाममालकांचा पक्ष, हे लक्षात घेतले पाहिजे. जेम्स यांनी मानले नाही. मतदान करून परत आले तर कारखान्याला कुलूप. ते एका शब्दाने काही बोलले नाहीत. बाजारात गेले, नवी हत्यारे विकत घेतली, दुसरे घर भाड्याने घेतले आणि बायकामुलांना तिकडे हलवले. मताची किंमत काय असते हे त्या घरातल्या मुलांना असे कळले.

आई मुलांबरोबर शाळेत जाऊन बसत असे, कारण तिलाही अक्षर शिकायचे होते. लहानग्या आयडाला घरात एक मानाचे काम होते. संध्याकाळी वडील आणि त्यांचे मित्र जमले की ती त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवी. छापलेल्या शब्दाकडे हे लोक कसे कान लावून बसतात, हे तिने त्या वयात पाहिले.

त्याच सुमारास, १८७३ साली, इकडे पुण्यात महात्मा जोतीराव फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला होता. तेव्हा आयडा अकरा वर्षांच्या होत्या. तात्यासाहेबांनी ज्या मुक्तीचा गौरव केला, ती पुढे चारच वर्षांत गुंडाळायला सुरुवात झाली. १८७७ साली केंद्राचे सैन्य दक्षिणेतून मागे घेतले गेले आणि काळ्या माणसाचा मताचा, शिक्षणाचा व न्यायाचा हक्क राज्याराज्यांतून हिसकावला जाऊ लागला. कागदावरचा कायदा तोच राहिला. मात्र त्याची अंमलबजावणी ज्यांच्या हाती गेली ते कोण होते, हे वेगळे सांगायला नको.

१८७८ साली पीतज्वराच्या साथीत आयडा यांचे आई, वडील आणि धाकटा भाऊ गेले. आयडा सोळा वर्षांच्या. वडिलांच्या स्नेह्यांनी भावंडे वेगवेगळ्या घरी वाटून देण्याचे ठरवले. या मुलीने ते साफ नाकारले, केस वर बांधून वय वाढवून सांगितले आणि खेड्यातल्या शाळेत मास्तरणीची नोकरी धरली. याच काळात त्यांना कुजबुजीचा पहिला अनुभव आला. वडिलांनी एका गोऱ्या डॉक्टरकडे ठेवायला दिलेले पैसे त्या डॉक्टरने भर चौकात त्यांच्या हाती दिले. लगेच गावात बोलले जाऊ लागले की ही पोर एकटी का राहू पाहते ते आता कळले. निराधार मुलीवर चारित्र्याचा शिंतोडा उडवायला फारसा पुरावा लागत नाही. हा शिंतोडा पुढे त्यांच्यावर आयुष्यभर उडवला गेला, फक्त उडवणारे बदलत गेले.

पुढे त्या टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहरी आल्या. शाळेत शिकवण्यासाठी त्यांना आगगाडीने जावे लागे. एकदा पहिल्या वर्गाचे तिकीट हाती असताना कंडक्टरने त्यांना स्त्रियांच्या डब्यातून उठून धुरकट डब्यात जायला सांगितले. त्या हलल्या नाहीत. त्याने हात धरून ओढले तेव्हा त्या त्याच्या हाताला कडकडून चावल्या. तिघांनी मिळून त्यांना उचलून बाहेर काढले आणि डब्यातल्या गोऱ्या प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या. आयडा यांनी रेल्वे कंपनीवर फिर्याद केली आणि १८८४ साली पाचशे डॉलरची भरपाई मिळवली. मेम्फिसच्या गोऱ्या दैनिकाने ही बातमी टिंगल करणाऱ्या मथळ्याखाली छापली. १८८७ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. बाईंना बसायला जागा नको होती, त्यांना फक्त खटला उभा करून कंपनीला छळायचे होते, असा त्या न्यायालयाचा निष्कर्ष. अन्याय सोसणाऱ्यालाच कटाचा सूत्रधार ठरवण्याची ही पद्धत आमच्या वाचकांनी इथल्या कोर्टकचेरीतही अनुभवली असेल.

या खटल्याची हकिकत त्यांनी चर्चच्या एका साप्ताहिकात लिहिली आणि त्यांची लेखणी सुरू झाली. ‘आयोला’ या टोपणनावाने त्या लिहीत. भाषा साधी, कारण वाचणारे नुकतेच अक्षर शिकलेले. १८८९ साली त्या मेम्फिसच्या ‘फ्री स्पीच’ या काळ्या लोकांच्या पत्राच्या भागीदार आणि संपादक झाल्या. काळ्या मुलांच्या शाळांची दुरवस्था त्यांनी १८९१ साली त्यात मांडली, तेव्हा त्यांची शिक्षिकेची नोकरी गेली. मग त्यांनी पत्रालाच वाहून घेतले. गावोगाव हिंडून वर्गणीदार केले.

या पत्राची एक गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. ज्यांना वाचता येत नव्हते असेही पुष्कळ लोक ‘फ्री स्पीच’ विकत घेत आणि शेजारच्या जाणत्याकडून वाचून घेत. विकणारे लबाड. निरक्षर माणसाने ‘फ्री स्पीच’ मागितला की त्याच्या हाती भलतेच पत्र ठेवीत. हे कळल्यावर आयडा यांनी आपला अंक गुलाबी कागदावर छापायला सुरुवात केली. अक्षर न ओळखणारा माणूसही मग रंग बघून आपला अंक ओळखू लागला. विश्वास विश्वास म्हणून पत्रकारितेवर जी मोठमोठी व्याख्याने होतात, त्यांच्यापुढे हा गुलाबी कागद ठेवावा.

आता १८९२ सालाकडे येऊ. मेम्फिसच्या कडेला कर्व्ह नावाच्या वस्तीत थॉमस मॉस, कॅल्विन मॅकडोवेल आणि विल स्टुअर्ट या तिघांनी आणखी काही जणांसह भागभांडवल घालून ‘पीपल्स ग्रोसरी’ हे किराणा दुकान काढले होते. मॉस हा टपालवाला, दिवसा पत्रे वाटायचा आणि रात्री दुकान बघायचा. त्याच्या मुलीच्या आयडा धर्ममाता होत्या. समोर बॅरेट नावाच्या गोऱ्याचे दुकान होते आणि त्याची मक्तेदारी या नव्या दुकानाने मोडली होती. मुलांच्या गोट्यांच्या खेळावरून भांडण झाले, त्यात मोठी माणसे पडली, आणि बॅरेटने त्याचा फायदा घेतला. ५ मार्चच्या शनिवारी रात्री साध्या वेशातले सशस्त्र शिपाई मागच्या दाराने दुकानात शिरले. हल्ला होणार अशी कुणकुण दुकानातल्या लोकांना होतीच. त्यांनी गोळ्या झाडल्या. तीन शिपाई जखमी झाले.

रविवारी सकाळी गोऱ्या वर्तमानपत्रांनी काय छापले? ते दुकान म्हणजे दारूजुगाराचा अड्डा, चोर-गुंडांचे आश्रयस्थान, आणि गुन्हेगारांना शोधायला गेलेल्या कर्तव्यदक्ष अधिकाऱ्यांवर तिथे गोळीबार झाला. नीटनेटके चालणारे किराणा दुकान एका रात्रीत अड्डा झाले. शंभरावर काळे लोक पकडून तुरुंगात कोंडले गेले. काळ्या नागरिकांचे एक पथक तुरुंगाभोवती दोन रात्री पहारा देत बसले. जखमी शिपाई वाचणार असे कळल्यावर धोका टळला असे समजून पहारा उठला. ९ मार्चच्या पहाटे तोंडे झाकलेल्या टोळीने तिघांना तुरुंगातून बाहेर काढले आणि रेल्वेच्या मोकळ्या जागेत नेऊन गोळ्या घातल्या. वेल्स यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे की त्या पहाटे शहरातल्या एका दैनिकाने आपला अंक मुद्दाम थांबवून धरला होता, कारण त्याला या खुनाची तपशीलवार हकिकत द्यायची होती. कोण काय बोलले, कोणी जिवाची कशी भीक मागितली, हे सारे सकाळी छापून आले. मारणारे मात्र अज्ञात इसम! बातमीदार जवळ उभा राहिल्याशिवाय इतका तपशील मिळतो कसा, हा प्रश्न एकाही गोऱ्या संपादकाने विचारला नाही.

मरण्यापूर्वी मॉसने आपल्या लोकांना निरोप ठेवला होता की पश्चिमेकडे निघून जा, इथे तुम्हाला न्याय नाही. त्या आठवड्यात आयडा नॅचेझ गावी होत्या. परत आल्या तोवर मित्राची माती झाली होती. त्यांनी ‘फ्री स्पीच’मध्ये तोच सल्ला दिला. काळी कुटुंबे शेकड्यांनी मेम्फिस सोडू लागली, चर्चचे पाद्री आपापली मंडळी घेऊन ओक्लाहोमाकडे निघाले. गोऱ्यांच्या घरी स्वयंपाकाला आणि धुणीभांड्याला माणसे मिळेनात, दुकानांचा गल्ला बसला. तेव्हा गोऱ्या वर्तमानपत्रांनी नवा सूर लावला. ओक्लाहोमात गेलेल्यांची उपासमार चालू आहे, लोक पस्तावत आहेत, अशा बातम्या रोज येऊ लागल्या. कालपर्यंत ज्यांच्या मरणाची पर्वा नव्हती त्यांच्या पोटाची ही काळजी! आयडा यांनी काय केले? त्या स्वतः ओक्लाहोमाला गेल्या, तीन आठवडे हिंडल्या, डोळ्यांनी पाहिले ते लिहून पाठवले. लोकांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला.

शहरातल्या ट्रामवर त्यांनी बहिष्कार घालायला लावला. सहा आठवड्यांनी ट्राम कंपनीचे अधिकारी त्यांच्या कचेरीत हजर. काळे उतारू का येईनासे झाले याचा त्यांना उलगडा होत नव्हता. ट्राम नुकत्याच विजेवर चालू लागल्या होत्या, तेव्हा या लोकांना विजेची भीती वाटत असावी, असा त्यांचा तर्क! आयडा यांनी खुनाची तारीख आणि उतारू घटल्याची तारीख शेजारी ठेवून दाखवली. मग हा सारा संवाद पुढच्या अंकात छापला आणि बहिष्कार असाच चालू ठेवा असे वाचकांना सांगितले.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे, कारण आयडा यांनी स्वतःच ती नोंदवली आहे. मॉसच्या खुनापर्यंत झुंडीच्या हत्यांविषयी त्यांचाही समज गोऱ्या वर्तमानपत्रांनीच घडवला होता. काळ्या माणसाने गोऱ्या स्त्रीवर अत्याचार केला म्हणून चिडलेला जमाव त्याला मारतो, मार्ग चुकीचा असला तरी संताप खरा असेल, असे त्यांनाही वाटे. मॉसने कोणत्याही स्त्रीकडे वाकडी नजर केली नव्हती. त्याने चांगला किराणा विकला होता. मग इतर खुनांमागे काय आहे ते तपासायला आयडा निघाल्या. प्रकरणामागून प्रकरण त्या घटनास्थळी जाऊन तपासू लागल्या. कुठे गोऱ्या स्त्रीचा काळ्या पुरुषाशी राजीखुशीचा संबंध उघड झाला होता, कुठे मजुरीवरून वाद होता, कुठे निव्वळ उर्मटपणाचा आरोप होता. बलात्काराची कहाणी बहुतेक वेळा मागाहून जोडलेली.

२१ मे १८९२ च्या अंकात त्यांनी हे थोडक्यात पण उघडपणे लिहिले. या जुन्या झिजलेल्या थापेवर आता कोणाचाही विश्वास नाही, आणि ती अशीच चालवली तर गोऱ्या स्त्रियांच्या अब्रूविषयी लोक भलतेच अनुमान काढतील, असा त्याचा आशय. शहराच्या गोऱ्या दैनिकांनी त्यावर अग्रलेख लिहिले. लेखक पुरुषच असणार असे धरून एका संपादकाने त्याला चौकात डागण्याची आणि शिंप्याच्या कात्रीने त्याची विटंबना करण्याची भाषा केली. म्हणजे चिथावणी छापील होती, सहीशिक्क्याची होती. शहरातले प्रतिष्ठित व्यापारी जमले, जमाव निघाला, ‘फ्री स्पीच’चा छापखाना मोडून टाकला. आयडा तेव्हा फिलाडेल्फियाच्या चर्च परिषदेहून न्यूयॉर्ककडे जात होत्या. परत आलात तर तुम्हाला ठार करतील, असा निरोप त्यांना मिळाला. मेम्फिसमधला त्यांचा संसार, ठेव, छापखाना सगळे संपले.

न्यूयॉर्कच्या ‘एज’ या काळ्यांच्या पत्राचे संपादक टी. थॉमस फॉर्च्युन यांनी त्यांना लिहायला जागा दिली. ऑक्टोबर १८९२ मध्ये न्यूयॉर्क आणि ब्रुकलिनच्या काळ्या स्त्रियांनी सभा भरवून त्यांच्यासाठी पाचशे डॉलर जमवले. त्यातून ‘सदर्न हॉरर्स’ ही पुस्तिका निघाली. १८९५ साली ‘ए रेड रेकॉर्ड’ आली. या पुस्तिकांची पद्धत आमच्या कार्यकर्त्यांनी अभ्यासावी अशी आहे. काळ्यांच्या पत्रांचा एकही आकडा त्यांनी आधाराला घेतला नाही. ‘शिकागो ट्रिब्यून’ हे गोऱ्यांचे दैनिक दरवर्षी झुंडीने मारलेल्यांची यादी छापत असे, तीच त्यांनी उचलली. १८९२ साली एकूण २४१ माणसे मारली गेली, त्यांत १६० काळे. गोऱ्यांच्याच यादीप्रमाणे बलात्काराचा नुसता आरोप तरी किती जणांवर होता? जेमतेम एकतृतीयांश. बाकीच्यांना कोणत्या अपराधासाठी मारले तेही त्यांनी एकेक करून मांडले. आकडे खोटे म्हणायचे तर गोऱ्यांना आपल्याच वर्तमानपत्राला खोटे म्हणावे लागत होते.

१८९३ आणि १८९४ साली त्या दोनदा इंग्लंड-स्कॉटलंडला गेल्या. त्यांना बोलावणाऱ्यांत कॅथरिन इम्पी नावाच्या एक क्वेकर बाई होत्या. त्या १८८८ पासून एक छोटे मासिक चालवीत, आणि त्याचे नाव होते ‘अँटी-कास्ट’. वर्णद्वेषाला इंग्रज बाईने जातीचे नाव द्यावे, ही गोष्ट डोळ्यांआड करण्यासारखी नाही. इंग्लंडमध्ये आयडा यांची व्याख्याने गाजली, वर्तमानपत्रांनी ती सविस्तर दिली. मेम्फिसचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांत जात होता, त्यामुळे लंडनमधला आवाज मेम्फिसच्या व्यापाऱ्यांच्या कानी पडणे भाग होते. मग मेम्फिसच्या एका दैनिकाने त्यांच्या चारित्र्यावर घाणेरडा मजकूर छापून त्याच्या प्रती इंग्लंडला धाडल्या. तो वाचून इंग्रज वाचकांना मेम्फिसच्या पत्रकारितेची पातळी तेवढी कळली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’नेही १८९४ साली त्यांना निंदक आणि गलिच्छ मनाची बाई ठरवले.

दारूबंदी चळवळीच्या थोर पुढारी फ्रान्सिस विलर्ड यांच्याशी त्यांचा याच दौऱ्यात वाद झाला. विलर्डबाईंनी १८९० साली एका मुलाखतीत काळ्या माणसांमुळे दक्षिणेतल्या बायकामुलांची सुरक्षितता धोक्यात आहे, असा सूर लावला होता. आयडा यांनी ती मुलाखत इंग्लंडमध्ये पुन्हा छापून आणली. पुरोगामी म्हणवणारे लोकही मतांसाठी आणि सभासदसंख्येसाठी त्याच थापेला कसा हातभार लावतात, हे दाखवणे त्यांना जरूर वाटले. पुष्कळ हितचिंतक यामुळे दुरावले. आमच्या मते त्यांनी बरोबर केले. उघड शत्रूचे खोटे आणि मित्राचे खोटे यांत त्यांनी भेद केला नाही.

१८९५ साली शिकागोचे वकील आणि संपादक फर्डिनंड बार्नेट यांच्याशी त्यांचे लग्न झाले. वेल्स-बार्नेट असे जोडनाव त्यांनी लावले आणि चार मुलांना सांभाळून दौरे चालू ठेवले, तान्हे मूल बरोबर घेऊनही सभा केल्या.

त्यांनी मेम्फिसमध्ये जे पाहिले ते पुढे १८९८ साली नॉर्थ कॅरोलिना राज्यात संपूर्ण निवडणूक प्रचाराचे शस्त्र झाले. तिथे काळे मतदार आणि गरीब गोरे शेतकरी यांच्या युतीने सत्ता मिळवली होती. ती मोडण्यासाठी डेमोक्रॅटिक पक्षाने आणि ‘न्यूज अँड ऑब्झर्व्हर’ या दैनिकाचे मालक जोसेफस डॅनियल्स यांनी महिनोन्‌महिने एकच प्रचार चालवला. काळ्यांचे राज्य आले आहे आणि गोऱ्या स्त्रिया धोक्यात आहेत. पहिल्या पानावर व्यंगचित्रे, रोज नवी भयकथा. विल्मिंग्टन शहरात ॲलेक्स मॅनली नावाचे काळे संपादक होते. त्यांनी आयडा यांनी लिहिले होते तेच सहा वर्षांनी लिहिले. निवडणूक ८ नोव्हेंबरला झाली, आणि १० नोव्हेंबरला सशस्त्र गोऱ्या जमावाने मॅनली यांचा छापखाना जाळला, अनेक काळ्या लोकांना ठार केले आणि लोकांनी निवडून दिलेले नगर प्रशासन बंदुकीच्या धाकाने राजीनामा द्यायला लावून हाकलले. जळक्या छापखान्यापुढे उभे राहून जमावाने छायाचित्रही काढून घेतले. वर्तमानपत्रांत आणि पाठ्यपुस्तकांत या घटनेला कित्येक दशके काळ्यांची दंगल म्हटले गेले. आयडा यांनी राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांच्या मौनावर जाहीर टीका केली, पण मॅकिन्ली यांनी बोट हलवले नाही. राज्याने नेमलेल्या आयोगाने २००६ साली अहवाल दिला तेव्हा हा पूर्वनियोजित कट होता हे सरकारी कागदावर आले, आणि त्याच वर्षी ‘न्यूज अँड ऑब्झर्व्हर’ने आपल्या जुन्या पापाची कबुली देणारी खास पुरवणी काढली. एकशे आठ वर्षांनी.

दंगल कोणाची, हा प्रश्न आयडा यांनी पुन्हा पुन्हा विचारला. १९०० साली न्यू ऑर्लिन्समध्ये रॉबर्ट चार्ल्स या काळ्या माणसाला पोलिसांनी पायरीवर बसलेला असताना विनाकारण पकडायचा प्रयत्न केला. त्यातून गोळीबार झाला, चार्ल्सने पोलीस मारले, आणि गोरा जमाव कित्येक दिवस दिसेल त्या काळ्या माणसाला मारीत सुटला. वर्तमानपत्रांनी चार्ल्सला जन्मजात गुन्हेगार ठरवले. आयडा यांनी चौकशी करून दाखवले की तो आफ्रिकेला परत जाण्याच्या चळवळीची पत्रके वाटणारा, वाचनाची आवड असलेला माणूस होता. काळ्या माणसाने स्वसंरक्षणासाठी घरात बंदूक ठेवावी असे त्या उघड लिहीत, मॉसच्या खुनानंतर त्यांनी स्वतःही पिस्तूल घेतले होते. हा मार्ग बाबासाहेबांनी आपल्याला दाखवलेल्या मार्गापेक्षा वेगळा आहे. तो झाकून त्यांचे चरित्र सांगणे आम्हाला योग्य वाटत नाही.

१९०९ साली इलिनॉय राज्यातल्या केरो गावी एका काळ्या कैद्याला जमावाने मारले. कैदी जमावाच्या हाती जाऊ देणारा शेरीफ पदावरून जाईल असा कायदा त्या राज्यात होता आणि शेरीफ गेलाही. पण त्याला परत घ्यावे म्हणून अर्ज झाले, आणि त्यांवर गावातल्या काळ्या लोकांच्याही सह्या! आयडा गावात गेल्या, त्यांना समजावले, पुरावे गोळा केले आणि राज्यपालांपुढे एकट्या उभ्या राहून वकिलांच्या फौजेला उत्तर दिले. शेरीफ परत आला नाही.

याच वर्षी काळ्यांच्या हक्कांसाठी जी राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तिच्या संस्थापक समितीच्या यादीतून आयडा यांचे नाव वगळले गेले आणि त्यांनी आवाज उठवल्यावर ते घातले गेले. चळवळीतली ही दुखणी सगळीकडे सारखीच.

ऑक्टोबर १९१९ मध्ये आर्कान्सा राज्यातून बातमी आली की एलेन गावच्या काळ्या कुळांनी गोऱ्या जमीनदारांच्या कत्तलीचा कट केला होता आणि तो वेळीच उधळला गेला. देशभरच्या वर्तमानपत्रांनी ती तशीच छापली. वस्तुस्थिती अशी होती की ही कुळे आपल्या कापसाला बाजारभाव मिळावा म्हणून संघटना बांधत होती. ३० सप्टेंबरच्या रात्री चर्चमध्ये त्यांची सभा चालू असताना बाहेर गोळीबार झाला. त्यानंतर गोऱ्या टोळ्या आणि पाठोपाठ सैन्य आले, काळी माणसे मोठ्या संख्येने मारली गेली, आणि बारा काळ्या शेतकऱ्यांना काही मिनिटांच्या खटल्यांत फाशीची शिक्षा झाली.

आयडा सत्तावन्न वर्षांच्या. १८९२ साली हद्दपार झाल्यापासून त्यांनी दक्षिणेत सहसा पाऊल टाकले नव्हते. जानेवारी १९२० मध्ये त्या लिटल रॉकला गेल्या आणि कैद्यांच्या बायकांबरोबर, नात्यातली बाई म्हणून, तुरुंगात शिरल्या. पहारेकऱ्यांनी लक्ष दिले नाही. त्या बाराजणांनी स्वतः रचलेली गाणी म्हटली, स्वर्गाच्या प्रार्थना केल्या, मारणाऱ्यांना क्षमा केली. आयडा यांनी ऐकून घेतले आणि त्यांना झापले. मरणाच्या आणि क्षमेच्या प्रार्थना पुरे झाल्या, आता जगण्यासाठी प्रार्थना करा, तुमचा देव तुरुंग उघडू शकतो असे मानत असाल तर तेच मागा, असे सांगितले. मग प्रत्येकाकडून त्याची जमीन किती, कापूस किती, गुरे किती, घरातले काय काय लुटले, हे विचारून लिहून घेतले. शिकागोला येऊन पुस्तिका छापली. कटाच्या बातमीमागे कोणाचा कापूस कोणाच्या गोदामात गेला ते त्यात आकड्यांनिशी होते. त्याच महिन्यात, ३१ जानेवारी १९२० ला, मुंबईत बाबासाहेबांच्या ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला. त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला ‘केसरी’ तयार झाला नव्हता.

१९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की जमावाच्या दडपणाखाली चाललेला खटला हा खटलाच नव्हे. मूर विरुद्ध डेम्प्सी या नावाने तो निकाल प्रसिद्ध आहे. बाराही जण अखेर सुटले. त्यांच्यापैकी एक जण शिकागोला वेल्स-बार्नेट यांच्या घरी आभार मानायला आला. त्या दिवसानंतर आम्ही मरणाचे बोलणे सोडून दिले, असे त्याने घरच्यांना सांगितले.

१९३० साली आयडा राज्याच्या विधिमंडळाची निवडणूक लढल्या आणि हरल्या. २५ मार्च १९३१ रोजी शिकागोत त्यांचे निधन झाले. आत्मचरित्र त्यांनी लिहायला घेतले होते, ते वाक्याच्या मध्येच थांबले. त्यांच्या मुलीने ते अनेक वर्षे प्रकाशकांच्या दारी नेले तेव्हा कुठे १९७० साली प्रसिद्ध झाले. झुंडीच्या हत्येला केंद्रीय गुन्हा ठरवणारा पहिला मसुदा अमेरिकन काँग्रेसमध्ये १९०० साली मांडला गेला होता. तो कायदा झाला मार्च २०२२ मध्ये. आणि १८९४ साली ज्यांना गलिच्छ मनाची बाई म्हटले, त्यांचा मृत्युलेख ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने मार्च २०१८ मध्ये छापला, सत्त्याऐंशी वर्षे उशिरा.